स्टीफन हॉप्किन्सचे मूळ गाव : नामसाधर्म्य आणि वंशेतिहासाचा पुरावा

मराठी कुलवृत्तान्ताच्या संपादकास आपल्या कामास आरंभ करताना काही गोष्टी आयत्या मिळतात. गोत्र व कुलदैवत ठाऊक असते. उपनाम बहुधा 'कर'प्रत्ययान्त असून मूळ गावाचा निर्देश करीत असते आणि व्यक्तीच्या नावापुढे पित्याचे नाव येत असल्यामुळे दोन पिढ्यांचा सांधा नावातच जुळलेला असतो. इंग्लंडमधून अमेरिकेत जाऊन वसलेल्या पहिल्या पिढीतील माणसांचा वंशेतिहास शोधणाऱ्यास यांपैकी एकही सोय नाही. बोस्टन येथे १८४५ मध्ये न्यू इंग्लंड हिस्टॉरिक जिनिऑलॉजिकल सोसायटी स्थापन झाली, तेव्हापासून हा शोध तेथे मोठ्या चिकाटीने चालू आहे. तरीही ज्यांचे नाव शाळकरी मुलांसही ठाऊक आहे अशा वसाहतकारांच्या इंग्लंडमधील गावाविषयी अनेक दशके चुकीची माहिती छापली जात राहिली. स्टीफन हॉप्किन्स हे याचे ठळक उदाहरण होय.

'हॉप्किन्स' या उपनामाची फोड केली असता अडचणीचे स्वरूप ध्यानी येते. 'हॉब' हे रॉबर्ट या नावाचे मध्ययुगीन इंग्रजीतील लाडके रूप. त्यास 'किन' हा लघुत्ववाचक प्रत्यय लागला आणि शेवटी संबंधदर्शक 'स' आला. 'लहानग्या रॉबर्टचा' एवढाच या उपनामाचा अर्थ. जेथे जेथे रॉबर्ट नावाचा कोणी पूर्वज होता तेथे तेथे हे उपनाम स्वतंत्रपणे उत्पन्न होऊ शकत होते व झालेही. चिपळूणकर या नावावरून चिपळूण गाठता येते; हॉप्किन्स या नावावरून कोठेच जाता येत नाही. त्यात स्टीफन हेही त्या काळी सर्वपरिचित नाव. तेव्हा स्टीफन हॉप्किन्स नावाची माणसे सोळाव्या शतकाच्या अखेरीस इंग्लंडमध्ये एकाच वेळी अनेक ठिकाणी असणे स्वाभाविकच होते, आणि त्यांतील कोणता १६२० मध्ये मेफ्लॉवर जहाजावर चढला हे ठरविणे केवळ नावावरून अशक्य होते.

मेफ्लॉवरवरील हॉप्किन्सची माहिती प्रामुख्याने प्लिमथ वसाहतीचा गव्हर्नर विल्यम ब्रॅडफर्ड याच्या हस्तलिखितातून मिळते. त्याच्या अखेरीस १६५१ च्या सुमारास ब्रॅडफर्डने जहाजावरील उतारूंची कुटुंबवार यादी दिली आहे. हॉप्किन्सच्या कुटुंबात तेथे पत्नी एलिझाबेथ, पहिल्या पत्नीपासून झालेली जाइल्स व कॉन्स्टन्टा ही दोन मुले, या पत्नीपासून झालेली डॅमरिस आणि प्रवासात समुद्रावरच जन्मलेला म्हणून ओशियॅनस हे नाव मिळालेला मुलगा, शिवाय एडवर्ड डोटी व एडवर्ड लीस्टर हे दोन सेवक अशी आठ माणसे दाखविली आहेत. यादीत हॉप्किन्सच्या नावामागे 'मिस्टर' हे उपपद आहे. आज हे उपपद सर्वांसच लावले जाते, परंतु ब्रॅडफर्ड ते मोजक्या प्रतिष्ठित कुटुंबप्रमुखांनाच लावतो. पेशवाईतील पत्रांच्या मायन्यांवरून व्यक्तीचा दर्जा ताडण्याची सवय असलेल्या अभ्यासकास या उपपदाचे मोल वेगळे सांगावयास नको.

या यादीतील एक शब्द पुढील विवेचनासाठी ध्यानात ठेवावयास हवा. तो म्हणजे 'पहिल्या पत्नीपासून'. त्या पत्नीचे नाव ब्रॅडफर्ड देत नाही.

याच नावाचा दुसरा मनुष्य त्याआधी अकरा वर्षे एका सर्वस्वी निराळ्या कथेत आढळतो. २ जून १६०९ रोजी व्हर्जिनिया कंपनीचा नऊ गलबतांचा ताफा इंग्लंडातील प्लिमथ बंदरातून जेम्सटाउनकडे निघाला. अग्रभागी असलेल्या सी व्हेंचर या जहाजावर नियोजित गव्हर्नर सर टॉमस गेट्स, दर्यासारंग सर जॉर्ज सॉमर्स आणि कप्तान ख्रिस्तोफर न्यूपोर्ट असे तिघे प्रमुख होते. जुलैअखेरीस चक्रीवादळात सापडून हे जहाज बर्म्यूडा बेटांच्या खडकांत अडकले. सुमारे दीडशे माणसे सुखरूप किनाऱ्यास लागली आणि दहा महिने त्या निर्जन बेटावर राहिली. बेटावर डुकरे, मासे, कासवे व पक्षी यांची समृद्धी होती. उलट जेम्सटाउनमध्ये त्याच हिवाळ्यात उपासमारीने माणसे पटापट मरत होती. गेट्सचा आग्रह नवी गलबते बांधून जेम्सटाउन गाठण्याचा. पुष्कळांना मात्र येथून हलण्याची इच्छा नव्हती.

या मंडळीत धर्मोपदेशक रिचर्ड बक याचा स्टीफन हॉप्किन्स नावाचा लेखनिक होता. उपासनेच्या वेळी स्तोत्रे वाचण्याचे काम त्याच्याकडे असे. विल्यम स्ट्रेची या सहप्रवाशाने या प्रसंगाचा विस्तृत वृत्तान्त १५ जुलै १६१० या तारखेच्या पत्रात लिहिला व तो पुढे १६२५ मध्ये पर्चसच्या संग्रहात छापला गेला. त्यावरून दिसते की जानेवारी १६१० मध्ये हॉप्किन्सने आपल्या सोबत्यांजवळ एक युक्तिवाद मांडला. गव्हर्नराचा अधिकार जहाज फुटले त्याच क्षणी संपला. करार व्हर्जिनियात नेण्याचा होता, या बेटावर राबविण्याचा नव्हे. सबब आता प्रत्येक जण आपल्या व आपल्या कुटुंबाच्या हिताचा विचार करण्यास मोकळा आहे, असा त्याचा आशय होता. हा मनुष्य शास्त्रवचने जाणणारा व वादात तरबेज होता असे स्ट्रेची नमूद करतो. दोघांनी चहाडी केली, चौकशी झाली आणि बंडखोरीबद्दल त्यास देहान्ताची शिक्षा फर्माविण्यात आली. तेव्हा त्याने आपल्या बायकोमुलांचा सर्वनाश होईल अशी काकुळतीने विनवणी केली. न्यूपोर्ट, स्ट्रेची व इतर प्रतिष्ठितांनी रदबदली केल्यावर गेट्सने त्यास क्षमा केली. मे १६१० मध्ये बेटावरच बांधलेल्या दोन गलबतांतून यांतील बहुतेक लोक जेम्सटाउनला पोहोचले.

येथे एका योगायोगाचा उल्लेख अस्थानी होणार नाही. हॉप्किन्सच्या जीवदानासाठी शब्द टाकणारा हाच न्यूपोर्ट पुढे ईस्ट इंडिया कंपनीच्या नोकरीत शिरला. सर टॉमस रो यास जहांगिराच्या दरबाराकडे घेऊन निघालेल्या लायन जहाजाचा तो कप्तान होता व सप्टेंबर १६१५ मध्ये तो सुरतेस आला. व्हर्जिनिया कंपनीचा खजिनदार सर टॉमस स्मिथ हाच ईस्ट इंडिया कंपनीचा पहिला गव्हर्नर. अमेरिकेतील वसाहत आणि हिंदुस्थानातील वखार ही आपण दोन निराळ्या इतिहासांत वाचतो. लंडनमध्ये मात्र ती एकाच वर्तुळातील माणसांची कामे होती.

बर्म्यूडातील हॉप्किन्स आणि मेफ्लॉवरवरील हॉप्किन्स हे एकच होत, ही कल्पना जुनी आहे व तिला अनुकूल अशा गोष्टीही पुष्कळ आहेत. नोव्हेंबर १६२० मध्ये केप कॉडवर पहिली पाहणी करण्यास जी तुकडी निघाली तिच्यात सल्लागार म्हणून ब्रॅडफर्ड व टिली यांच्याबरोबर हॉप्किन्सची निवड झाली होती. वाटेत वाकवून बांधलेले एक झाड दिसले, तेव्हा तो हरिण पकडण्याचा फास आहे हे हॉप्किन्सने ओळखले. मागून येणाऱ्या ब्रॅडफर्डचा पाय मात्र त्यात अडकलाच. मार्च १६२१ मध्ये सॅमोसेट हा मूळनिवासी वसाहतीत प्रथम आला तेव्हा त्यास रात्री हॉप्किन्सच्या घरी उतरविले होते, आणि त्याच वर्षी जुलैत मॅसॅसॉइट या नायकाच्या भेटीस विन्स्लोबरोबर हॉप्किन्सलाच धाडले. अमेरिकेचा पूर्वानुभव असलेला मनुष्य म्हणून त्याची ही निवड होत असावी, असा तर्क त्यावरून करण्यात आला.

याहून आकर्षक असा आणखी एक तर्क आहे. जहाज न्यू इंग्लंडच्या किनाऱ्यास लागले; सनद होती व्हर्जिनियाची. तेव्हा उतारूंपैकी काहींनी, किनाऱ्यावर उतरताच आम्हांवर कोणाचाही अधिकार चालणार नाही, अशी भाषा सुरू केली, असे ब्रॅडफर्ड सांगतो. तिला आवर घालण्यासाठीच ११ नोव्हेंबर १६२० रोजी एकेचाळीस पुरुषांनी प्रसिद्ध मेफ्लॉवर करारावर सह्या केल्या. आता ही भाषा म्हणजे दहा वर्षांपूर्वी बर्म्यूडात हॉप्किन्सने केलेला युक्तिवादच नव्हे काय? ठरलेले ठिकाण चुकले की अधिकारही सुटला, हाच दोहींचा गाभा. साम्य विलक्षण आहे यात शंका नाही. परंतु ब्रॅडफर्डने ही भाषा करणाऱ्यांची नावे दिलेली नाहीत. शिवाय सनदेच्या मर्यादेचा मुद्दा त्या काळच्या कोणाही जाणत्या मनुष्यास सुचण्यासारखा होता. विचारसरणीच्या साम्यावरून व्यक्तींचे ऐक्य सिद्ध करणे हे शैलीच्या साम्यावरून ग्रंथकर्तृत्व सिद्ध करण्याइतकेच निसरडे आहे. अन्य पुराव्याने ऐक्य प्रस्थापित झाल्यावर हे साम्य अर्थपूर्ण ठरेल, तोवर नाही.

ऐक्याविरुद्धही काही म्हणता येते. १६०९ चा हॉप्किन्स हा धर्मोपदेशकाचा लेखनिक, कराराने बांधलेला. १६२० चा हॉप्किन्स 'मिस्टर' उपपद मिरविणारा व दोन सेवक बाळगणारा. शिवाय बर्म्यूडाच्या हॉप्किन्सला बायकोमुले होती एवढेच स्ट्रेची सांगतो, त्यांची नावे देत नाही. या टप्प्यावर इंग्लंडमधील नोंदींखेरीज निर्णयाचा मार्ग नव्हता.

इंग्लंडमध्ये १५३८ मध्ये टॉमस क्रॉमवेलच्या आज्ञेने प्रत्येक पॅरिशमध्ये बाप्तिस्मे, विवाह व दफने यांची नोंदवही ठेवण्यास प्रारंभ झाला. यांतील पुष्कळ वह्या नष्ट झाल्या, पुष्कळ टिकल्या. त्या वाचणाऱ्यापुढे भाषिक अडचणी उभ्या राहतात. लॅटिनमध्ये ठेवलेल्या वहीत जाइल्सची नोंद 'एजिडियस' अशी आढळते, कारण जाइल्स हे त्याच ग्रीकोद्भव लॅटिन नावाचे फ्रेंचमधून झिजत आलेले रूप आहे. ज्यास हे ठाऊक नाही तो समोरची नोंद सोडून पुढे जाईल. कालगणनेचा प्रश्नही आहेच. इंग्लंडात १७५२ पूर्वी वर्षारंभ २५ मार्चला होई. त्यामुळे जानेवारी १६०७ म्हणून लिहिलेला दिवस आपल्या हिशेबाने जानेवारी १६०८ मध्ये पडतो. शके आणि इसवी यांची जंत्री जुळविताना पौष-माघातील तिथींनी ज्यांना फसविले आहे, त्यांना हा अनुभव नवा वाटणार नाही.

अशा नोंदींत स्टीफन हॉप्किन्स हे नाव ग्लॉस्टरशर परगण्यातील वॉर्टली येथे सापडले आणि मेफ्लॉवरचा हॉप्किन्स तेथील होता असे मानण्यात आले. नाव तेच, काळ साधारण जुळणारा, एवढ्या आधारावर हे गाव वंशावळींत व ग्रंथांत रूढ झाले. पहिल्या पत्नीचे नाव नसण्याची उणीवही कोणी तरी भरून काढली, आणि 'कॉन्स्टन्स डडली' ही स्त्री हॉप्किन्सची पहिली पत्नी म्हणून वंशवृक्षात येऊन बसली. तिला कागदपत्रांचा कोणताही आधार नाही. मुलीचे नाव कॉन्स्टन्स, तेव्हा आईचेही तेच असावे, असा काहीसा विचार मूळ कल्पकाच्या मनात असावा. मुलीस आईचे नाव देण्याची चाल इंग्लंडात होती हे खरे. पण चालीवरून व्यक्ती निर्माण करता येत नाही.

१९९८ मध्ये केलेब जॉन्सन या संशोधकाने 'द अमेरिकन जिनिऑलॉजिस्ट' या नियतकालिकात लेख लिहून हा प्रश्न निकालात काढला. त्याने शोधाची दिशाच उलटी केली, असे त्याच्या पुराव्यावरून म्हणता येईल. स्टीफन हॉप्किन्स शोधल्यास तो पुष्कळ ठिकाणी सापडणार. परंतु स्टीफन हॉप्किन्स नावाच्या बापाची कॉन्स्टन्स नावाची मुलगी आणि जाइल्स नावाचा मुलगा किती ठिकाणी सापडणार? ही दोन्ही नावे जॉन, विल्यम, मेरी यांच्यासारखी सरसकट ठेवली जात नसत. एकेक नाव घेतले तर काहीच सिद्ध होत नाही. तिन्ही एका कुटुंबात, योग्य नात्याने व योग्य काळात आली तर योगायोगाची शक्यता फारच थोडी उरते. भाषाशास्त्रात एका शब्दाच्या साम्यावरून दोन भाषांचे नाते कोणी मानीत नाही. नियमित साम्यांचा संच दिसला पाहिजे, असा आग्रह असतो. येथे तोच न्याय व्यक्तिनामांना लागू पडतो.

हा संच हँपशर परगण्यात, विंचेस्टरजवळील हर्सली या खेड्यात मिळाला. (हेच हर्सली ऑलिव्हर क्रॉमवेलचा मुलगा रिचर्ड याच्या दफनस्थानामुळे व कवी जॉन कीबल तेथे धर्मोपदेशक असल्यामुळे इंग्रजी साहित्याच्या विद्यार्थ्यांस अन्यथाही परिचित आहे.) तेथील नोंदवहीप्रमाणे स्टीफन हॉप्किन्सच्या तीन मुलांचे बाप्तिस्मे झाले : एलिझाबेथचा १६०४ मध्ये, कॉन्स्टन्सचा ११ मे १६०६ रोजी आणि जाइल्सचा ३० जानेवारी १६०८ रोजी. त्यानंतर ही नोंद थांबते. सी व्हेंचर निघाले जून १६०९ मध्ये. म्हणजे बर्म्यूडात मृत्युदंडाच्या छायेत ज्या बायकोमुलांच्या नावाने हॉप्किन्सने गहिवर घातला ती बायको व ती मुले हर्सलीत असू शकतात. तारखांचा कोठेही विरोध येत नाही. मेफ्लॉवरवर येतेवेळी कॉन्स्टन्स चौदा वर्षांची व जाइल्स बारा वर्षांचा ठरतो, तेही ब्रॅडफर्डच्या यादीशी सुसंगत आहे.

नोंदवहीत यापुढची नोंद ९ मे १६१३ ची आहे. मेरी हॉप्किन्सचे दफन. तिच्या चीजवस्तूंची यादी दुसऱ्याच दिवशी, १० मे रोजी करण्यात आली व मिळकतीची व्यवस्था पॅरिशमधील निर्धनांची देखभाल करणाऱ्या अधिकाऱ्यांकडे मुले सज्ञान होईतो सोपविण्यात आली. व्यवस्थापत्रात मुलांची नावे आहेत : कॉन्स्टन्स, एलिझाबेथ आणि जाइल्स. तेव्हा नोंदवही आणि मिळकतीचे कागद ही दोन स्वतंत्र साधने एकाच कुटुंबाकडे बोट दाखवितात. आणि ब्रॅडफर्डने न सांगितलेले पहिल्या पत्नीचे नाव मेरी होते हे समजते.

परंतु याच कागदात एक शब्द असा आहे की तो जसाच्या तसा घेतला तर सारी उभारणी कोसळेल. मिळकतीच्या यादीत मेरीस 'विधवा' म्हटले आहे. ती विधवा असेल तर हर्सलीचा स्टीफन हॉप्किन्स मे १६१३ पूर्वीच मेला होता आणि सात वर्षांनी मेफ्लॉवरवर चढणारा दुसराच कोणी असला पाहिजे. आक्षेप क्षुल्लक नाही. दस्तऐवजाचा अनुकूल भाग घ्यावा व प्रतिकूल शब्द लेखकाचा प्रमाद म्हणून सोडून द्यावा, ही पद्धत कोणत्याही संशोधनास शोभणारी नव्हे.

म्हणून हा शब्द तेथे का आला असावा याचा विचार करणे आवश्यक आहे. यादी करणारे गावचेच लोक होते. चार वर्षांमागे व्हर्जिनियाकडे गेलेल्या माणसाविषयी त्यांना काय ठाऊक असणार? सी व्हेंचर बुडाले व त्यावरील सर्व मेले, अशीच बातमी प्रथम इंग्लंडात पोहोचली होती. ती खोटी ठरली ती १६१० च्या उत्तरार्धात. त्यानंतरही जेम्सटाउनमधील मृत्यूचे प्रमाण इतके भयंकर होते की तेथून न परतलेल्या नवऱ्याची बायको व्यवहारात विधवाच गणली जावी. दुसरे असे की कायद्याच्या दृष्टीने विवाहित स्त्रीची जंगम मालमत्ता पतीची असे. पती हयात असता तिच्या नावे यादी करून व्यवस्थापत्र देण्याचा सामान्यतः प्रश्नच उद्भवत नसे. मेरीच्या मागे राहिलेल्या वस्तू मुलांसाठी राखावयाच्या तर तिला विधवा म्हणणे हाच कारकुनास उपलब्ध असलेला सोयीचा मार्ग होता. तो शब्द वस्तुस्थिती सांगतो यापेक्षा गावाची समजूत व कचेरीची गरज सांगतो, असे मानणे अधिक सयुक्तिक दिसते. मुलांचा ताबा आप्तांकडे न जाता पॅरिशच्या अधिकाऱ्यांकडे गेला यावरूनही बाप हाताशी नव्हता एवढे निश्चित होते. तो मेला होता की समुद्रापार होता, याचा निर्णय यादीतील शब्दाने न होता नावांच्या संचाने करावा लागतो आणि तो संच फार भक्कम आहे.

या एका शब्दामागे असलेले कुटुंबाचे चित्र मात्र नजरेआड करू नये. नऊ, सात आणि पाच वर्षांची तीन मुले, आई नुकतीच पुरलेली, बाप नाहीसा झालेला, आणि घरातील भांडीकुंडी मोजणारे पॅरिशचे अधिकारी. 'मेफ्लॉवरचे पूर्वज' या गौरवशाली पदवीच्या मागे १६१३ सालचा हर्सलीतील हा दिवस आहे.

हॉप्किन्स इंग्लंडात परतला. लंडनच्या पूर्वेस व्हाइटचॅपेल येथील सेंट मेरी मॅटफेलन चर्चमध्ये १९ फेब्रुवारी १६१८ रोजी स्टीफन हॉप्किन्स व एलिझाबेथ फिशर यांचा विवाह नोंदलेला आहे. ब्रॅडफर्डच्या यादीतील एलिझाबेथ ती हीच असे सर्वसाधारणपणे मानले जाते. हर्सलीची थोरली मुलगी एलिझाबेथ मेफ्लॉवरवर नव्हती व पुढेही तिचा उल्लेख आढळत नाही. प्लिमथमध्ये हॉप्किन्सला झालेल्या एका मुलीचे नाव पुन्हा एलिझाबेथ ठेवले गेले, यावरून थोरली तोपर्यंत वारली असावी असा तर्क कोणी करील. मृत अपत्याचे नाव पुढच्या अपत्यास देण्याची चाल होती, आणि याच कुटुंबात तिचा निःसंशय दाखला मिळतो. १६२० मध्ये डॅमरिस नावाची लहान मुलगी जहाजावर होती. ब्रॅडफर्ड मात्र हॉप्किन्सला प्लिमथमध्ये एक मुलगा व चार मुली झाल्याचे लिहितो आणि हॉप्किन्सच्या १६४४ च्या मृत्युपत्रात केलेब या मुलाबरोबर डेबोरा, डॅमरिस, रूथ व एलिझाबेथ अशा चार धाकट्या मुली येतात. ही डॅमरिस तेव्हा प्लिमथमध्ये जन्मलेली, दुसरी. पहिलीचे नाव तिला मिळाले. परंतु एलिझाबेथच्या बाबतीत तोच न्याय लावण्यात धोका आहे, कारण या मुलीच्या आईचेच नाव एलिझाबेथ होते, आणि नाव आईवरून आले असल्यास थोरल्या बहिणीविषयी त्यातून काहीही निष्पन्न होत नाही.

६ जून १६४४ च्या या मृत्युपत्राचे साक्षीदार माइल्स स्टॅन्डिश व विल्यम ब्रॅडफर्ड आहेत. आपल्या मृत पत्नीशेजारी पुरावे, अशी इच्छा हॉप्किन्सने त्यात व्यक्त केली आहे. जाइल्सला मोठा बैल व निकोलस स्नोची पत्नी झालेल्या कॉन्स्टन्सला एक घोडी मिळाली. ब्रॅडफर्डने 'कॉन्स्टन्टा' असे लॅटिन वळणाने लिहिलेले हे नाव मृत्युपत्रात इंग्रजी रूपात येते. हर्सलीच्या वहीतील मुलगी व प्लिमथची ही प्रौढ गृहिणी एकच होय हे ओळखताना या रूपभेदाचा अडथळा येऊ नये.

जॉन्सनच्या लेखानंतर शोध हर्सलीच्याही मागे गेला. २००४ मध्ये अर्नेस्ट मार्टिन ख्रिस्तेन्सेन याने त्याच नियतकालिकात हँपशरमधीलच अपर क्लॅटफर्ड येथील ३० एप्रिल १५८१ चा बाप्तिस्मा पुढे आणला : जॉन हॉप्किन्स याचा मुलगा स्टीफन. आईचे नाव एलिझाबेथ विल्यम्स असल्याचे त्याने दाखविले. लेखाच्या शीर्षकात त्याने 'संभाव्य' हा शब्द घातला आहे आणि तो घालावयासच हवा होता, कारण येथे पुन्हा एकट्या नावाशी गाठ आहे. परगणा तोच, वय जुळते, थोरल्या मुलीचे नाव आजीचेही निघते. तथापि हर्सलीस जसा नावांचा संच मिळाला तसा येथे मिळत नाही. पुढे नक्कल करणाऱ्यांनी शीर्षकातील हा एक शब्द गाळला आणि अपर क्लॅटफर्ड हेही वंशवृक्षांत निर्विवाद जन्मस्थान होऊन बसले. वॉर्टलीचा इतिहास थोड्या अधिक सभ्य स्वरूपात पुन्हा घडत आहे, असे म्हणावे लागते.

मेरीविषयीचा शोध अधिक समाधानकारक आहे. २०१२ मध्ये सायमन नील याने हर्सलीच्या जमीनजुमल्याच्या व मृत्युपत्रांच्या कागदांवरून तिचे माहेर निश्चित करण्याचा प्रयत्न केला व ती 'केंट ऊर्फ बॅक' या कुटुंबातील रॉबर्ट व जोन यांची मुलगी होती असे मांडले. दोन उपनामे 'ऊर्फ' या शब्दाने जोडून पिढ्यान्‌पिढ्या चालविण्याची रीत इंग्लंडच्या जमीनविषयक कागदांत वारंवार दिसते. पुनर्विवाह, दत्तक वा वारसाहक्क अशा कोणत्या तरी कारणाने दुसरे नाव चिकटे आणि जमिनीवरील हक्क दोन्ही नावांनी राखला जाई. आपल्याकडील दप्तरांत वतनदार घराण्यांची मूळ उपनामे व हुद्द्यावरून आलेली नावे अशीच शेजारी शेजारी नांदतात. अभ्यासकाच्या दृष्टीने ही दुहेरी नावे म्हणजे मोठेच वरदान होय, कारण केंट पुष्कळ असतील, बॅकही असतील. केंट ऊर्फ बॅक मात्र एकाच वर्तुळात सापडतात. तीन मुलांस पॅरिशच्या हवाली करून १६१३ च्या मे महिन्यात मेलेली ही स्त्री अशा रीतीने आपल्या आईबापांच्या नावांसह कागदावर परत आली. कौटुंबिक वंशावळींत तिच्या जागी कॉन्स्टन्स डडली अद्याप अधूनमधून भेटते.